मालकाचा परवाना गेला, आता पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटनमधल्या केअर होममध्ये किंवा वृद्धांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषेचे काम करण्यासाठी ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ व्हिसावर आलेल्या आपल्या बंधुभगिनींसाठी, आणि त्यांच्या पगारावर कर्जाचा हप्ता फेडणाऱ्या गावाकडच्या त्यांच्या घरच्यांसाठी, आजचे हे भाषण आहे. परदेशी कामगार ठेवण्याचा मालकाचा परवाना ब्रिटिश सरकारने काढून घेतला, तर त्या कामगारापुढे कोणते मार्ग उरतात, एवढाच त्याचा विषय.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करच्या कामाचा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांच्या यादीत समावेश झाला आणि या व्हिसाची वाट खुली झाली. जे मालक माणसे आणायला सरसावले त्यांतल्या काहींच्या हाती परवाना होता, पण देण्याजोगे काम नव्हते. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने रद्द झाले आणि त्या मालकांशी ३९,००० हून अधिक कामगारांची नावे जोडलेली होती, असे सरकारनेच सांगितले आहे. गैरप्रकार मालकाचा आणि मुदत मात्र कामगाराची भरते, ही या व्यवस्थेतली उघड विसंगती आहे; पण ती सुधारेपर्यंत आहे त्या नियमांतूनच वाट काढावी लागते.

परवाना निलंबित होणे आणि रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निलंबनाच्या काळात मालकाला नवीन माणूस आणता येत नाही, परंतु आधीपासून असलेल्या कामगाराचा व्हिसा कायम राहतो व त्याला कामही करता येते. मालकाला खुलासा देण्यासाठी कामाचे २० दिवस मिळतात. माझ्या मते नवी नोकरी शोधायला लागण्याची खरी वेळ हीच. पण ‘काही होत नाही, आमचा वकील बघतोय’ या मालकाच्या आश्वासनावर विसंबून पुष्कळ जण ती दवडतात.

परवाना रद्द झाला की होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे गृहखाते, प्रत्येक कामगाराचा व्हिसा आखूड करणारे पत्र पाठवते. कामगाराचा स्वतःचा त्या गैरप्रकारात हात नसेल, तर त्याला साधारणपणे ६० दिवस मिळतात. मूळ व्हिसाच त्याहून कमी उरला असेल, तर तेवढेच दिवस. हे पत्र कधी लवकर येते, कधी काही महिने येतच नाही, आणि या निर्णयावर कामगाराला अपील करता येत नाही. आता एक बारीकशी वाटणारी गोष्ट तपासून पाहा. पत्र बहुधा ईमेलने येते, आणि व्हिसाचा अर्ज एजंटने भरला असेल, तर त्यात ईमेलचा पत्ता त्याने स्वतःचा दिलेला असू शकतो. म्हणजे तुमचे ६० दिवस सुरू होतात आणि ते पत्र एजंटच्या मोबाइलमध्ये पडून राहते. आपल्या ई-व्हिसाच्या खात्यात शिरून ईमेल, फोन आणि घरचा पत्ता आपलाच आहे ना, हे आजच पाहून घ्या.

मुख्य मार्ग अर्थातच नवा स्पॉन्सर, म्हणजे परवाना असलेला नवा मालक, मिळवण्याचा. इंग्लंडमध्ये यासाठी सरकारी निधीवर चालणाऱ्या प्रादेशिक भागीदारी संस्था आहेत. ज्यांच्या मालकाचा परवाना गेला अशांना त्या नोंदवून घेतात आणि माणसे हवी असलेल्या मालकांशी त्यांची गाठ घालून देतात. ९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेला नियम तुमच्या बाजूचा होता: इंग्लंडमधल्या मालकाने बाहेरून माणूस आणण्याआधी (ती बाहेरची भरती पुढे जुलै २०२५ मध्ये बंद झाली) देशातच असलेल्या, नव्या स्पॉन्सरची गरज असलेल्या केअर वर्करांचा विचार करायला हवा, असे त्याने घालून दिले. मुलाखतीला जाण्यापूर्वी परवानाधारक स्पॉन्सरांच्या सरकारी यादीत त्या मालकाचे नाव शोधा. ही यादी कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. इंग्लंडमधला मालक केअर क्वालिटी कमिशन या शुश्रूषा सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला असणेही बंधनकारक आहे.

नोकरी ठरल्यावर मालक ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ (सीओएस) देतो. नावाला सर्टिफिकेट असले, तरी तो एक क्रमांक असतो आणि त्याच्या आधारे पत्रातल्या तारखेच्या आत नवा व्हिसा अर्ज करावा लागतो. अर्ज वेळेत गेला, तर निकाल लागेपर्यंत तुमचे वास्तव्य कायदेशीर राहते. मात्र निकाल हाती येण्याआधी नव्या ठिकाणी कामाला लागू नये आणि देशाबाहेरही जाऊ नये, कारण बाहेर पडताच अर्ज मागे घेतला असे धरले जाते. आठवड्याला २० तासांच्या जादा कामाची सवलत मूळ नोकरी चालू असेल तोवरचीच आहे. ती सुटल्यावर त्या सवलतीवर काम करणे बेकायदा ठरते. तुमचा अर्ज आधीच दाखल असताना स्पॉन्सरचा परवाना गेला, तर होम ऑफिसने ते तुम्हाला तत्परतेने कळवले पाहिजे, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पठाण खटल्यात सांगितले आहे. तसे कळवले गेले नसेल, तर ही बाब वकिलाच्या कानावर जरूर घाला.

‘इतके पौंड द्या, दोन दिवसांत सीओएस आणून देतो’ असे सांगणारी माणसे नेमकी याच दिवसांत भेटतात. सर्टिफिकेटची फी मालकाने भरायची असते, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून ती या व्हिसावरच्या कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे तिथल्या कायद्याने फार पूर्वीपासून निषिद्ध आहे. एका एजंटने बुडवलेले पैसे दुसऱ्या एजंटला पैसे देऊन परत येत नाहीत, हे घरच्या मंडळींनीही ध्यानात घ्यावे. सल्ला हवा असेल, तर नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार किंवा सॉलिसिटरच गाठावा. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये प्राथमिक मार्गदर्शन विनामूल्य मिळते.

दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावर जाणेही काहींना शक्य असते. जोडीदाराकडे स्वतःचा व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर तो विचार आधी करावा. विद्यार्थी व्हिसा कागदावर सोपा दिसतो, पण त्याची फी आधीच्या कर्जावर दुसरे कर्ज चढवते, म्हणून मी तो सहसा सुचवत नाही. पासपोर्ट काढून घेणे, धमकावणे, कर्जाच्या नावाखाली फुकट राबवून घेणे असे प्रकार घडले असतील, तर ते आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याखाली येऊ शकतात आणि त्यासाठी वेगळी संरक्षण यंत्रणा आहे.

परत फिरण्याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरती बंद झाली आहे, त्यामुळे एकदा भारतात परतल्यावर याच वाटेने पुन्हा येता येणार नाही. जायचेच ठरले, तर मुदतीत जा. मुदत उलटून ३० दिवसांपेक्षा अधिक राहिल्यास, स्वखर्चाने परतलात तरी वर्षभराची प्रवेशबंदी लागू शकते. तिकिटालाही पैसे नसतील, तर भारतीय उच्चायुक्तालयाकडे संकटग्रस्तांसाठीच्या कल्याण निधीतून मदत मागता येते, आणि भारत सरकारच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. इकडे भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट नोंदणीकृतच असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात. लाखांनी पैसे मोजलेल्या घरांनी बँकेतले व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवावेत.

थकलेल्या पगाराचेही असेच. परवाना गेला म्हणून मालकाची देणी संपत नाहीत. कंपनीच्या ॲपवर रोटा (कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक) आणि पे-स्लिप दिसत असतील, तर ते खाते बंद होण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. नंतर ‘एकास’ (Acas) या नोकरीतले वाद मिटवणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेकडे विनामूल्य समेटासाठी अर्ज करा. त्याची मुदत थोडी असते, आणि ती पायरी चढल्याखेरीज सहसा कामगार न्यायाधिकरणात दावा लावता येत नाही.