शॉर्टवेव्हचा आवाज अन् आत्याचं लिव्हर

नमस्कार मंडळी! जुन्या लोकांना आठवत असेल, उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडून शॉर्टवेव्हचं स्टेशन लावलं की आवाज मधीच मोठा यायचा अन् मधीच पार विहिरीत गेल्यासारखा, मग आपण उगंच रेडिओला दोन थापट्या मारायचो. रेडिओचा काही दोष नसायचा हो. वरच्या आयनोस्फियरवर, म्हणजे आभाळातल्या विजेचा भार असलेल्या हवेच्या थरावर आपटून एकच सिग्नल चार वाटांनी खाली यायचा, त्या लहरी कधी एकमेकींना जोर द्यायच्या, कधी एकमेकींना खाऊन टाकायच्या. ह्याला म्हणतात फेडिंग. जपानच्या मिनोरू नाकागामी नावाच्या इंजिनिअरनं ह्या चढउताराचं गणित बसवलं, १९६० साली ते इंग्रजीत छापून आलं, अन् तेच गणित आता सोनोग्राफीत लिव्हर तपासायला लावून बघतात, म्हणून म्हटलं हे रेडिओवरच सांगावं.

आमची आत्या परभणीकडची. पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, एका सेंटरनं लिहिलं ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरात थोडी चरबी, पंधरा दिवसांनी दुसरीकडं गेलो तर ग्रेड टू, म्हणजे त्याहून जास्त. आत्या म्हणे, "का रे बाबा, पंधरा दिवसात मी असं किती तूप खाल्लं?" आता गंमत अशी की चरबी वाढली की लिव्हर स्क्रीनवर पांढरं दिसतं, अन् ते किडनीपेक्षा किती पांढरं दिसतंय हे डॉक्टर बहुतेक डोळ्यानंच ठरवतात, अन् मशीनचा गेन म्हणजे आपल्या रेडिओचं व्हॉल्यूमच, त्याचं बटण फिरवलं की सगळंच पांढरं.

सोनोग्राफीचा आवाज अंगात सेकंदाला साधारण १५४० मीटर पळतो, एक सेंटीमीटर आत जाऊन परत यायला त्याला १३ मायक्रोसेकंद लागतात. पोटासाठी ३.५ मेगाहर्ट्झ लावला तर एक लहर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा कमी, अन् लिव्हरची पेशी तर त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे पेशी सुटी दिसायचा प्रश्नच नाही. विहिरीत एक खडा टाकला तर गोल वलय दिसतं, मूठभर वाळू फेकली तर नुसती खळबळ. स्क्रीनवर ते दाणेदार दिसतं ना, स्पेकल, ती ही खळबळ.

पण खळबळीलाही शिस्त असते बरं का! लहरी परत फेकणारे बारीक कण भरपूर अन् कसेही विखुरलेले असले तर परत येणाऱ्या लहरींची उंची रॅले नावाच्या वाटणीत, म्हणजे लहान किती अन् मोठ्या किती ह्याच्या ठरलेल्या साच्यात बसते, तिथं सरासरीला प्रमाण विचलनानं, म्हणजे चढउताराच्या मापानं भागलं की १.९१ च्या आसपास उत्तर येतं. नाकागामीच्या गणितात एक आकडा आहे, एम. रॅलेची वाटणी असली तर एम एक, कण कमी किंवा मधीच एखादा मोठा असला तर एकाच्या खाली, रचना नेमानं मांडलेली असली तर वर. २००० साली पी. एम. शंकर नावाच्या संशोधकांनी हे शरीराच्या प्रतिध्वनींना लावून दाखवलं. लिव्हरात चरबीचे थेंब वाढले की कण वाढतात अन् एम एकाकडं सरकतो. अन् मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, गेन दुप्पट केला तरी एम हलत नाही, कारण तो आवाज किती मोठा हे बघतच नाही, चढउताराचा आकार बघतो!

अडचण एकच, पण मोठी. स्क्रीनवर दाखवताना मशीन मोठे प्रतिध्वनी दाबतं अन् लहान उचलतं, मग आकारच बिघडतो, त्यामुळं हिशेब कच्च्या आरएफ सिग्नलवर, म्हणजे चित्र बनवण्याआधी आलेल्या मूळ लहरींवर करावा लागतो.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिनं दोन्ही फाइली पुढं टाकल्या, "मग ह्यातली खरी कोणती सांग." आता काय सांगू, दोन्हीत कागदावरचे फोटो आहेत नुसते, कच्चा सिग्नल मशीननं ठेवलाच नाही.