ड्रम आणि पावलं

न्यूयॉर्कमधलं हार्लेम. लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर १४०व्या आणि १४१व्या रस्त्यांच्या मधे, १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर सुरू झालं. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचा तो काळ. इथे मात्र दोघं एकाच मेपलच्या लाकडी जमिनीवर नाचत. पावलांनी ती जमीन इतकी झिजायची, की दर काही वर्षांनी बदलावी लागे.

ड्रममागे बसलेला हा चिक वेब, इथल्या जॅझ बँडचा म्होरक्या. लहानपणी मणक्याचा क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची चार फुटांच्या आसपासच राहिली. पण मे १९३७ मध्ये त्या काळी गाजलेल्या बेनी गुडमनचा बँड इथे वादनाच्या सामन्याला आला, बाहेर रस्त्यावर हजारोंची गर्दी उसळली, आणि बाजी मारली वेबनेच. गुडमनचा ड्रमर जीन क्रुपा त्याच्यापुढे कमरेत वाकला.

वेबची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असे. कुणी नवं पाऊल टाकलं, की ड्रमवर त्याचा जवाब यायचा. जॅझ म्हटलं की आपण आर्मस्ट्राँग, एलिंग्टन अशी नावं घेतो, घ्यायलाच हवीत. पण स्विंगच्या, म्हणजे त्या काळच्या नाचायला लावणाऱ्या जॅझच्या, तालात ही पावलंही मुरलेली आहेत. वादकांच्या निदान तबकड्या निघाल्या. पावलांची तबकडी कोण काढणार?

१९३५. सॅव्हॉयमध्ये नाचाची चुरस. विशीतला फ्रँकी मॅनिंग आणि त्याची जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टन. गादी अंथरून, पडत-झडत केलेला सराव. पाठीला पाठ, हातात हात अडकवलेले. मॅनिंग वाकला, फ्रीडा त्याच्या पाठीवरून गरकन फिरून समोर उतरली. नेमकी तालावर! लिंडी हॉप या स्विंगवरच्या जोडीनाचातली ही पहिली हवेतली झेप मानतात. तेव्हा वाजत होता वेबचाच बँड.

वेब १९३९ मध्ये गेला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. मग महायुद्ध. मॅनिंग सैन्यातून परतला, पण थोड्याच वर्षांत मोठ्या बँडचे दिवस सरले. १९५८ मध्ये सॅव्हॉयही बंद पडलं. ज्याच्या अंगात एवढं नाचणं, त्याने तीसेक वर्षं टपाल खात्यात काढली. हे सांगताना आजही वाईट वाटतं.

१९८०च्या दशकात काही तरुण त्याला शोधत आले. सत्तरी ओलांडलेला मॅनिंग पुन्हा उभा राहिला. १९८९ मध्ये ब्रॉडवेवरच्या नृत्यरचनेसाठी टोनी हा रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि नव्वदीपर्यंत तो देशोदेशी शिकवत फिरला. वाढदिवसाला त्याचा एक रिवाज होता. जितकी वर्षं पूर्ण, तितक्या जणींबरोबर नाच. एकीमागून एक.