कडुनिंबाचा अर्क प्लेटमध्ये जिंकतो, तोंडात काय होतं?

येताना जांभळी नाक्यावरून थोडी लवंग आणि ज्येष्ठमध घेतलं, ते मागेपर्यंत फिरवा, वास घ्या, तोपर्यंत मी सुरू करते.

दात किडतो म्हणजे आत किडा नसतो. बॅक्टेरिया असतात, त्यातला मुख्य स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, 1924 मध्ये क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांमधून तो वेगळा काढला. आपण बिस्किट खाल्लं की तो त्यातल्या साखरेचं ॲसिड करतो, पीएच (जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, कॅल्शियम निघायला लागतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याचं दुसरं काम, तो साखरेपासून डिंकासारखा चिकट ग्लुकन बनवतो आणि त्याच्या जोरावर दाताला चिकटून बसतो, मग चूळ भरली तरी हलत नाही.

आता झाडांचे अर्क या बॅक्टेरियाला रोखतात का हे पाहायला लॅबमध्ये आम्ही काय करतो, तर कडुनिंबाची पानं सावलीत वाळवायची, पावडर करायची, थोडी पाण्यात, थोडी मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून मिथेनॉल पूर्ण उडवायचं, उरतो तो अर्क. बॅक्टेरिया पसरलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटमध्ये छोटे खड्डे पाडून एकात अर्क, एकात क्लोरहेक्सिडिन, म्हणजे माउथवॉशमधलं जंतुनाशक, एकात नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला तो द्रव, आणि प्लेट 37 डिग्रीला एक दिवस. अर्क चालला तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल दिसतो, तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. सॉल्व्हंटचा खड्डा मुलं विसरतात आणि मला फार राग येतो, कारण मग बॅक्टेरिया पानाने मेले की सॉल्व्हंटने हे कळणारच नाही! शिवाय मोठे रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे गोल लहान म्हणून अर्क कमजोर असं लगेच ठरवू नये.

आणि प्लेट म्हणजे तोंड नव्हे. तोंडात लाळ सतत सगळं धुऊन नेते, अर्क टिकतो किती वेळ, आणि दातावरच्या चिकट थरात दडलेले बॅक्टेरिया मोकळ्यापेक्षा कितीतरी चिवट असतात. म्हणून मला मारण्यापेक्षा चिकटूच न देणारा अर्क जास्त आवडतो, ग्रीन टीमधली कॅटेचिन नावाची द्रव्यं लॅबमध्ये ग्लुकन बनवणारं एन्झाइम अडवतात, अशी द्रव्यं आपल्या झाडांत शोधायला खूप वाव आहे. क्लोरहेक्सिडिन चांगलं मारतं, पण बरेच दिवस वापरलं तर दात पिवळट-तपकिरी पडतात, चवही बिघडते, म्हणून तर हा शोध.

मघाशी एका काकूंनी विचारलं, नातवाची दाढ दुखते, लवंगेचं तेल लावू का. काकू, लवंगेतल्या युजेनॉलने बधिर होतं, कीड थांबत नाही, आणि नुसतं तेल हिरडीला भाजतं, त्यात लहान मूल, तेव्हा त्याला याच आठवड्यात डेंटिस्टकडे न्या. फ्लोराइडची पेस्ट सोडू नका. आणि मशेरी झाडाचीच म्हणून कुणी लावत असेल तर ती तंबाखू आहे, आजच बंद करा.