बाणाचं पीस कुणाचं?

(कान्हेरी. पाऊस. कातळात कोरलेल्या पन्हळी. पाण्याचा आवाज काही वेळ तसाच.)

हे पाणी नीट बघा. डोंगरावरून मोकाट येतंय असं वाटतं, पण त्याची वाट कधीच छिन्नीनं आखून दिलेली आहे. वर ही बोटभर खोल पन्हळ. ती खालच्या पन्हळीला मिळते, आणि दोघी या चौकोनी तोंडात उतरतात. आत टाकं आहे. इथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून आत सहा-सात किलोमीटर. एका डोंगरात शंभराहून जास्त लेणी. पहिली इसवी सनापूर्वीची, आणि पुढं साधारण हजार वर्षं इथं काम चालू होतं.

(ओटे, खोल्या, छताचा कातळ.)

बेसॉल्ट कोरतात तो वरून खाली. छत आधी, जमीन शेवटी. भिक्खूंना बसायला ओटा हवा असेल, तर ओट्याएवढा दगड सुरुवातीलाच सोडून ठेवायचा. एकदा उडालेली कपची परत लावता येत नाही. म्हणजे पहिला घाव घालणाऱ्याच्या डोक्यात शेवटचा ओटा तयार असला पाहिजे.

आणि भिंतीवर ही ब्राह्मी अक्षरं. कल्याणच्या एका सोनारानं पोढी दिली. चौलच्या कुणा खजिनदाराच्या मुलानं पोढी दिली. कुणी लेणं दिलं. आपण आज ‘लेणं’ म्हणतो तो शब्द या भिंतींवर ‘लेण’ असाच आहे. दान काय, कुणाचं, कुठल्या गावचं, एवढं लिहिलं आणि विषय संपला. विश्व केव्हा सुरू झालं, त्याला कडा आहे का, असलं काही कोरायला यातल्या कुणी दान दिलेलं दिसत नाही.

(तीन नंबरचं चैत्यगृह. ओसरीतला बुद्ध, वीस फुटांहून उंच. कॅमेरा पायांपासून वर.)

असे प्रश्न बुद्धाला विचारले गेले होते. विचारणारा त्याचाच भिक्खू, मालुंक्यपुत्त. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातली ही गोष्ट. मालुंक्यपुत्ताची यादी तयार होती. जग शाश्वत आहे की अशाश्वत? अंत असलेलं की अनंत? जीव आणि शरीर एकच की वेगळे? मेल्यानंतर तथागत असतो, नसतो, असतो आणि नसतोही, की असतो असंही नाही आणि नसतो असंही नाही? सगळे मिळून दहा मुद्दे. वर दम, की उत्तर द्या नाहीतर मी चीवर सोडून घरी जातो. माहीत नसेल तर माहीत नाही असं सरळ सांगा.

बुद्धानं त्याला बाणाची गोष्ट सांगितली. विषारी बाण लागलेला माणूस. नातेवाईक शल्यवैद्याला घेऊन आलेत. आणि हा म्हणतो, थांबा, बाण काढू नका. आधी सांगा, मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? उंच की ठेंगणा? काळा की सावळा? कुठल्या गावचा? धनुष्याची दोरी रुईची होती की वेळूची की तातीची? बाणाला पीस लावलंय ते गिधाडाचं, ससाण्याचं की मोराचं?

यादी लांबत जाते. ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि ते यावं अशीच तिची रचना आहे. माणूस मरेल, पण यादी संपणार नाही.

या दहा गोष्टींना पाली भाषेत ‘अव्याकत’ म्हणतात. न उलगडलेलं, बाजूला ठेवलेलं.

(पुणे स्टेशन. डेक्कन क्वीन. मग मळवली, खिडकीतून डोंगर.)

आता एक घर. वडील धर्मानंद कोसंबी. जन्म 1876, गोव्यातलं साखवाळ. ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि पुढं घर सोडून निघाले. श्रीलंकेत दीक्षा, ब्रह्मदेश, मग पुण्याचं फर्ग्युसन, अमेरिकेतलं हार्वर्ड. आत्मचरित्राचं नाव ‘निवेदन’. (आमच्या या मजकुरालाही निवेदनच म्हणतात, पण ती बरोबरी नको.) मुंबईत परळला, कामगारवस्तीत, त्यांनी बहुजन विहार उभारला. मालुंक्यपुत्त मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला, त्यात या माणसाच्या पाली अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

मुलगा दामोदर, म्हणजे डी. डी. कोसंबी. गणिती. होमी भाभांनी नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतलं. विषय वक्र अवकाशांची भूमिती. आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण उभं आहे ते याच जातीच्या गणितावर. राहायला पुण्यात, नोकरी मुंबईत, रोज डेक्कन क्वीन. आणि ही गाडी ज्या डोंगरांमधून जाते त्यातल्या लेण्यांपर्यंत ते पायी जायचे, शिलालेख वाचायला. वडिलांनी बुद्ध काय म्हणाला ते शोधलं. मुलानं विचारलं, ही लेणी घाटवाटांच्या तोंडाशीच का? त्याचं उत्तर होतं व्यापारी तांडे. पैसा त्या वाटेनं यायचा.

(गेटवे. पाठमोरा अपोलो बंदराचा धक्का. ओल्ड यॉट क्लबची इमारत.)

1949 पासून संस्था या इमारतीत होती. कोसंबी इथं बसायचे. खिडकीबाहेर घारापुरीच्या लाँची. पन्नाशीत असताना त्यांनी रीमानच्या गृहीतकाला हात घातला. गणितातला हा मोठ्यात मोठा उघडा प्रश्न, मूळ संख्यांच्या विखुरणीविषयीचा. त्यांनी काढलेला मार्ग छापून आला तो कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, 1959 साली. तो टिकला नाही. 1962 मध्ये संस्थेतला त्यांचा करार पुढं वाढला नाही, आणि 1966 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले.

(कोलारच्या खाणीची जुनी छायाचित्रं. पिंजरा खाली उतरतोय.)

याच संस्थेनं मालुंक्यपुत्ताचा पहिला प्रश्न खरोखरच मोजायला घेतला. शाश्वत की अशाश्वत? विश्वाचं सोडा, निदान प्रोटॉनचं सांगा. सिद्धांत म्हणत होते की प्रोटॉनसुद्धा कधीतरी फुटावा. एका प्रोटॉनकडे बघत बसलात तर विश्वाचं वय पुरणार नाही. म्हणून खूप प्रोटॉन एकत्र ठेवायचे आणि त्यातला एखादा तरी फुटतोय का ते बघायचं. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण, जमिनीखाली सुमारे 2300 मीटर. एवढ्या खोल कशाला? तर वरून येणारे वैश्विक किरण अडवायला वर दगड हवा. जपानी सहकाऱ्यांसह 140 टन लोखंडाच्या पाट्या एकावर एक रचल्या, मध्ये कण टिपणाऱ्या नळ्या. 1980 मध्ये वाट बघणं सुरू झालं. काही नोंदी आशा लावणाऱ्या निघाल्या. इतर देशांतल्या मोठ्या प्रयोगांत तसं काही दिसलं नाही. आजवर एकही प्रोटॉन खात्रीनं फुटताना सापडलेला नाही. आजच्या मोजमापातून एवढंच हाती येतं की फुटत असलाच, तर मुख्य अपेक्षित मार्गानं त्याला एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून जास्त लागतात.

खाण बंद झाली. प्रयोगही.

(वरळी. नेहरू तारांगणाचा घुमट, संध्याकाळ.)

जयंत नारळीकर 1972 मध्ये केंब्रिजहून याच संस्थेत आले. विश्वाला आरंभ नाही, या बाजूचे ते. 1965 मध्ये आकाशभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, तेव्हापासून बहुतेकांनी महास्फोटाची बाजू घेतली. विश्वाचं वय आज 13.8 अब्ज वर्षं धरतात. नारळीकर शेवटपर्यंत शंका काढत राहिले. माझ्या मते ते हरलेल्या बाजूला होते. पण ती बाजू हरू शकत होती, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते. कारण ती कुठल्या मोजमापानं पडेल हे त्यांनाही ठाऊक होतं.

13.8 अब्ज वर्षांच्या पलीकडे? तिथं समीकरणं बोलेनाशी होतात. विश्व सांत की अनंत? आपल्यापर्यंत प्रकाश पोचला तेवढंच दिसतं. त्या तुकड्यात अवकाश जवळपास सपाट आहे. पलीकडचं मोजायला पट्टी नाही.

(चैत्यभूमी, दादर. 6 डिसेंबर. पुस्तकांचे स्टॉल, माणसांची रांग समुद्रापर्यंत.)

इथं मला थोडं भांडायचं आहे. बुद्ध गप्प बसला, भौतिकशास्त्रही गप्प बसतं, म्हणजे दोघं एकच सांगतात, असे व्हिडिओ फोनवर फिरतात. शून्यता म्हणजे क्वांटम निर्वात, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच सगळं ठाऊक होतं, वगैरे. भौतिकशास्त्रज्ञ थांबतो, कारण पट्टी पोचत नाही. उद्या पोचली की तो लगेच उठून विचारेल. बुद्धानं मालुंक्यपुत्ताला जे कारण दिलं ते निराळं होतं. याचं उत्तर मिळालं तरी म्हातारपण, मरण, शोक तिथंच राहतात, असं तो म्हणाला. दुर्बीण दिली असती तरी हे कारण बदललं नसतं.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयानं प्रसिद्ध केला. बुद्धाचं वचन खरं कुठलं हे ओळखायच्या कसोट्या त्यात आहेत. एक अशी, की माणसाच्या हिताशी ज्या चर्चेचा संबंध नाही तिच्यात बुद्ध शिरलेला नाही. या स्टॉलवर ही पुस्तकं हातोहात जातात. परभणीहून, अकोल्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं ती विकत घेतात. त्यांना क्वांटमची साक्ष काढून देण्याची गरज पडलेली नाही.

(विझती मेणबत्ती. धूर.)

वच्छगोत्त नावाच्या दुसऱ्या एकाला बुद्धानं विचारलं होतं, समोरची आग विझली, तर ती कुठल्या दिशेला गेली? पूर्वेला की पश्चिमेला? वच्छगोत्त म्हणाला, हा प्रश्नच इथं लागू होत नाही. भौतिकशास्त्रालाही असे प्रश्न भेटलेत. प्रकाशलहरी ज्यातून जातात असं मानायचे त्या ईथरमधून पृथ्वी किती वेगानं जाते, हे 1887 मध्ये मायकेलसन आणि मोर्ली मोजायला गेले. काही निघालं नाही. 1905 मध्ये आइन्स्टाइननं ईथर बाजूला सारला आणि काम पुढं नेलं. एवढंच साम्य मला दिसतं, आणि तेवढं पुरे.

(पुन्हा कान्हेरी. शाळेची सहल. गणवेशातली मुलं पायऱ्यांवर.)

कातळात कोरलेल्या या पायऱ्या पावसात हिरव्या होतात. उद्यानाचे रखवालदार शिट्ट्या वाजवतायत, बंद व्हायची वेळ झाली. रांगेतला एक मुलगा मागं वळून विचारतोय, “सर, हा डोंगर कोणी बनवला?”

सर त्याचा दंड पकडतात.

“आधी खाली बघ. शेवाळ आहे.”