चार्लीचा उजवा हात

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल २००३. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. घामाने पाठीला चिकटलेले शर्ट आणि समोर रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड. गायक मिक जॅगर साठीला टेकलेला, पण शेवटची लोकल सुटत असल्यासारखा स्टेजभर पळत होता. माझी जागा स्वस्तातली, म्हणजे लांबची. मोठ्या पडद्यावर मी मात्र मागे बसलेल्या ड्रमर चार्ली वॉट्सचा उजवा हात शोधत होतो.

का, ते सांगतो. रॉकमधला ड्रमर बहुधा उजव्या हाताने हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी, अखंड वाजवत राहतो. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर पडतो. चार्ली नेमका त्या दोन मात्रांना उजवी काठी उचलून घ्यायचा. झांज गप्प, स्नेअर एकटा. म्हणून तो ठोका इतका कोरडा आणि मोकळा ऐकू येतो. टेबलावर बोटांनी करून बघा, हात अडखळेल. गाडी चालवत असाल तर आत्ता नको.

दुसरी गंमत अशी की बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे चालतात. इथे चार्ली कीथ रिचर्ड्सच्या गिटारकडे कान देऊन वाजवायचा, आणि बिल वायमनचा बेस त्यांच्या आसपास कुठेतरी. गवयाचा अंदाज घेत तबलजी ठेका सांभाळतो, तसंच काहीसं. त्यामुळे स्टोन्सची लय घड्याळासारखी चालत नाही, जराशी झुलते. कीथची गिटारही वेगळीच. सहापैकी सगळ्यात जाड तार काढून टाकलेली, उरलेल्या पाच अशा लावलेल्या की नुसत्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ, वाजते.

१९६२ साली लंडनच्या मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम केलेला हा बँड टिकला कसा, असं विचारलं की लोक म्हणतात, पैसा. पैसा आहेच. बँडचं चिन्ह असलेली ती लाल जीभ छापलेला टी-शर्ट घालणाऱ्या प्रत्येक पोराने त्यांचं गाणं ऐकलेलं असतं असंही नाही. पण नुसत्या पैशासाठी एकत्र आलेल्या म्हाताऱ्यांचं वाजवणं दोन गाण्यांत उघडं पडतं.

माणसं तर गळतच गेली. गिटारवादक ब्रायन जोन्स १९६९ साली वारला, त्याच्या जागी आलेला मिक टेलर १९७४ मध्ये सोडून गेला, वायमन १९९३ मध्ये. ऐंशीच्या दशकात जॅगर आणि रिचर्ड्सचं इतकं फाटलं की १९८२ नंतर थेट १९८९ पर्यंत दौरा नाही. काळही बदलत होता. डिस्को आला तेव्हा त्यांनी १९७८ साली ‘मिस यू’ काढलं. कट्टर रॉकवाले नाकं मुरडत राहिले, गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘स्टार्ट मी अप’ तर आधी रेगेच्या, म्हणजे जमैकातल्या संगीताच्या, ठेक्यावर करून पाहिलेलं, मग कित्येक वर्षं अडगळीत पडलेलं. १९८१ मध्ये बाहेर आलं ते रॉक होऊन. ताल बदलले, पण ते झुलणं तेच राहिलं. माझ्या मते टिकलं ते हेच.

२४ ऑगस्ट २०२१ ला चार्ली गेला. महिनाभराने अमेरिकेत सेंट लुईसला दौरा सुरू झाला. सुरुवातीला रिकामं स्टेज, ड्रमचा ठेका आणि पडद्यावर चार्लीचे फोटो. मग स्टीव्ह जॉर्डन ड्रमवर बसला. जॉर्डन भक्कम वाजवतो, कदाचित जास्तच भक्कम. ठोका जिथे पडायला हवा तिथेच पडतो, आणि तिथेच माझं मन जरा खट्टू होतं.

२०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला. त्यातल्या दोन गाण्यांत चार्लीचं आधी ध्वनिमुद्रित केलेलं वादन आहे. मी ती आधी ऐकली आणि लगेच ओळखली. शेवटचं गाणं मात्र मडी वॉटर्स या अमेरिकन ब्लूज गायकाचं, ज्याच्यावरून या बँडचं नाव पडलं ते. १९६१ मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर मिक आणि कीथ ही बालपणची ओळखीची पोरं पुन्हा भेटली, तेव्हा मिकच्या काखेत मडी वॉटर्सची रेकॉर्ड होती. आता ऐंशीच्या घरातले तेच दोघे. एकाचा आवाज आणि हार्मोनिका, दुसऱ्याची गिटार. ड्रम नाहीतच.

ऐकू या.