मोराला पदर नसतो

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते कॉमिक्सच्या नव्या अंकांबद्दल. नवा अंक हातात पडला, वाचून झाला, आता तो बरा की वाईट हे ठरवायचं कसं? बहुतेक जण काय करतात, गोष्ट सांगतात. ‘मग तो गुहेत शिरतो, मग तिथं त्याला पेटी सापडते.’ अहो, ही गोष्ट झाली, परीक्षण कुठं झालं? आधी चित्र बघा, मजकूर मागाहून. हे वाक्य मी आज पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, वाचला असेल. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघालं ते वेताळालाच घेऊन. पण मूळचा वेताळ १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज थोडा थोडा, चौकटींच्या एका पट्टीत येत असे. ती पट्टी पुस्तकाच्या पानात बसवायची म्हणजे चौकटी कापा, जोडा, काही गाळा. त्याचा तो बंगाला नावाचा देश, तोही आपल्याकडे येताना डेंकाली झाला, बंगालशी घोटाळा नको म्हणून. वाचणाऱ्या पोराला ह्याचं काय? त्याला घोडा आणि कवटीची अंगठी पुरेशी होती. परीक्षण लिहिणाऱ्याला मात्र पानावर चौकटी कशा मांडल्यात हे आधी बघावं लागतं.

जाता जाता सांगतो, ते जुने अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कुलूपबंद करणाऱ्यांशी माझं जमत नाही. कॉमिक्सच्या पानाला शेंगाचटणीचं बोट लागलेलं असावं. आणि चटणी उखळात कुटलेली हवी, मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या भुकटीला चटणी म्हणू नये. ह्यावर आकाशवाणीनं मला वेगळी वेळ दिली तर मी तयार आहे.

तर आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली गोष्ट. माझा भाचा कॉलेजात आहे. निघेल तो नवा अंक विकत घेतो आणि त्यावर लिहितो. एका संध्याकाळी अशोक चौकाजवळ चहा घेत बसलो होतो. शेजारी अण्णा. अण्णांचा जन्म जेकॉर्डच्या डिझाइनमध्ये गेला. चादरीवर जो मोर दिसतो ना, तो आधी चौकटीच्या कागदावर काढायचा, एकेक घर रंगवायचं, त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. एक भोक चुकलं की तीच चूक चादरीवरच्या प्रत्येक मोरात उमटते. त्यामुळे अण्णांची नजर कशी, तर चूक शोधत फिरणारी. घरात तेलुगू, बाजारात मराठी. मराठी बोलायला फर्डे, वाचायचा मात्र भारी कंटाळा.

भाच्याच्या हातात एका छोट्या प्रकाशकाचा नवा मराठी अंक होता. जुना वाडा, वाड्यात एक आजी, तिचा हरवलेला नातू. भाचा रंगून गोष्ट सांगत होता. अण्णांनी अंक मागून घेतला आणि शेवटच्या पानापासून उलटा चाळायला लागले. एक अक्षर वाचलं नाही. मध्येच थांबले.

“काय ओ, ही म्हातारी मधीच साडी सोडून परत नेसली का?”

आम्ही वाकून बघितलं. एका पानावर आजीचा पदर डाव्या खांद्यावर. पुढच्या पानावर उजव्या. त्याच्या पुढं परत डाव्या.

भाचा म्हणाला, “अण्णा, गुजराती असेल ती.”

“मग सगळीकडंच गुजराती असंल की! एका पानापुरती कशी?”

आणि अण्णांनी दोन बोटं दोन चौकटींवर ठेवली. पदराच्या चुण्या मोजा म्हणाले. मोजल्या, सारख्याच. मागच्या पडद्याची घडी तीच, हाताची बोटं तशीच वाकलेली. चित्रकारानं तेच चित्र आरशात धरल्यासारखं उलटं करून पुन्हा लावलं होतं. अण्णांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, त्यांच्या धंद्यात हे रोजचंच. अर्धी नक्षी काढायची, उरलेली अर्धी उलटवायची, की मोरासमोर मोर येतो.

“पण मोराला चालतं ओ,” अण्णा म्हणाले, “मोराला पदर नसतो.”

टपरीवाला गाळणी हातात धरून तसाच हसत राहिला. भाच्याला चेव आला. तो पुढची पानं भराभर उलटायला लागला आणि एका ठिकाणी ओरडला, “हे बघा अण्णा, इथं तर चार वेळा तेच चित्र! नुसता कामचुकारपणा!” एकाखाली एक चार चौकटी. तेच दार, उंबऱ्यावर तीच आजी, तशीच बसलेली.

अण्णांनी अंक दिव्याकडं धरला. “न्हाई. हे मुद्दाम हाय. दार हललं न्हाई, म्हातारी हलली न्हाई. भिंतीवरचं ऊन बघा की, वर वर गेलं आन् गेलंच. वाट बघायलीय ती.”

आता त्या चौकटींच्या माथ्यावर एक ओळ छापली होती. भाच्यानं ती वाचून दाखवली: ‘दुपारची संध्याकाळ झाली, तरी नातू परतला नाही.’

“मग लिवलं कशाला?” अण्णा म्हणाले. “दिसतंय की.”

श्रोतेहो, एका अंकाचं ह्याहून चांगलं परीक्षण मी ऐकलेलं नाही. तेच चित्र पुन्हा आलं तर ते कष्ट वाचवायला आलंय की काही सांगायला आलंय? आणि चित्रानं सांगितलेलं अक्षरांनी पुन्हा सांगितलंय का? हे दोन प्रश्न प्रत्येक नव्या अंकाला विचारा. म्हणून म्हणतो, आधी चित्र, मजकूर मागाहून. भाच्यानं त्या रात्री लिहिलेलं परीक्षण पदरापासून सुरू झालं, आणि चार चौकटींना त्यानं मन भरून दाद दिली.

बाकीचं थोडक्यात सांगतो, वेळ सरत आलीय. पान उलटल्यावर डाव्या हाताला जे दिसतं ते वाचकाला आधी दिसत नाही, म्हणून जाणता चित्रकार धक्का तिथं ठेवतो. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत वाचलं की ही गंमत गेलीच, तेव्हा परीक्षण करायचं तर कागदावरचा अंक घ्या. संवादांचे फुगे बघा. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा फुगाच मोठा असेल तर लेखकानं चित्रकाराला कामच करू दिलेलं नाही. शेवटच्या पानावरचं ‘क्रमशः’ बघा. दर महिन्याला कोणीतरी कड्यावरून लोंबकळत असेल, तर चौथ्या महिन्याला त्याची काळजी कोण करणार?

आणि मुखपृष्ठाला भुलू नका. अमेरिकेत दर बुधवारी नवे अंक येतात आणि एकाच अंकाची चार-चार, कधी त्याहून जास्त मुखपृष्ठं निघतात. आत तेच सगळं. घेणारे सगळी घेतात! आपल्याकडंही आता काही दुकानांत अंक पारदर्शक पिशवीत बंद असतात, उघडू देत नाहीत. तांदूळ घेताना मूठभर हातात घेऊन बघतो ना आपण? तसं उभ्या उभ्या आठ-दहा पानं चाळा, पदर कुठल्या खांद्यावर आहे बघा, मग पैसे काढा. दुकानदार चाळू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

नमस्कार.