आपल्या नाकाला न आलेला वास

श्रोतेहो, नमस्कार.

शेगडीची नळी सैल झाली की कुजकट वास सुटतो आणि आपण म्हणतो, गॅसचा वास येतोय. तो वास गॅसचा नसतो. सिलिंडरमधल्या प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंना वास जवळजवळ नाहीच. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग अगदी किंचित मिसळतात. नाव गंधक, पण शुद्ध गंधकाला वास नसतो बरं का! हायड्रोजन, कार्बन यांच्याशी त्याची सोयरीक जुळली की मग नाक दाबून धरावं लागतं.

वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू उडून खरोखर आपल्या नाकात शिरलेले असतात. पुन्हा सांगते, खरोखर शिरलेले असतात. म्हणूनच "केमिकलचा वास" असं तुच्छतेनं म्हटलेलं मला आवडत नाही. चमेलीच्या सुगंधात इंडोल नावाचं संयुग असतं आणि विष्ठेतही तेच इंडोल असतं. रेणू तोच, फक्त प्रमाण वेगळं.

आता थायोॲसिटोन नावाच्या, भयंकर वासाच्या गंधकी संयुगाची गोष्ट. १८८९ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात बाउमान आणि फ्रोम हे रसायनशास्त्रज्ञ हे संयुग वेगळं काढू पाहत होते. वास थोड्याच वेळात शहराच्या मोठ्या भागात पसरला. लोकांना ओकाऱ्या झाल्या, काही जण बेशुद्ध पडले, घाबरून लोक घरं सोडून निघाले.

पुढे १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एका प्रयोगशाळेतून असाच अनुभव प्रसिद्ध झाला. एका बाटलीचं बूच उडालं. लगेच परत बसवलं, तरी सुमारे १८० मीटरवरच्या इमारतीतून तक्रार आली, आम्हाला मळमळतंय. या संयुगाची अगदी थोडी मात्रा हाताळलेले दोघं जण हॉटेलात गेले, तर आजूबाजूचे लोक रागानं बघायला लागले आणि वाढणाऱ्या बाईंनी त्यांच्याभोवती सुगंधी फवारा मारला!

आणि प्रयोगशाळेतली माणसं काय म्हणत होती? वास आमचा नाहीच! ती खोटं बोलत नव्हती. बंद उपकरणांत काम चाललेलं, आणि त्यांना तो वास असह्य वाटतच नव्हता. शेवटी त्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांच्यासह काही जण चारशे मीटरपर्यंत लांब जाऊन उभे राहिले. आत, हवा ओढून घेणाऱ्या कपाटात, काचेच्या तबकडीवर अशाच एका गंधकी द्रवाचा एक थेंब ठेवला. एकच थेंब. वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्यांना तो काही सेकंदांत जाणवला.

नाक एकाच वासात राहिलं की त्याची दखल घेणं सोडतं. रेणू आत येतच असतात, येतच असतात, आपल्याला कळत नाही. स्वयंपाकघरात तासभर वावरणाऱ्या माणसाचं हेच होतं. त्यात खोलीत सुगंधी फवारे मारायची हौस मला मुळीच पसंत नाही. नको असलेल्या वासाचा रेणू तिथेच राहतो, आपण फक्त त्याच्यावर दुसरा वास चढवतो.

तेव्हा बाहेरून आलेलं मूल म्हणालं, "आई, वास येतोय," तर "मला नाही येत" म्हणून त्याला गप्प करू नका. रेग्युलेटर बंद करा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालूही नको आणि बंदही नको. खिडकीबरोबर दारही सताड उघडा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचून राहतो.